रुमाल टाकलेली जागा

कुंपणावरच्या गप्पांना आयोवात हंगाम असतो. एकदा बर्फ पडायला लागला की शेजारी म्हणजे समोरच्या खिडकीतला दिवा, एवढीच ओळख उरते. मार्चमध्ये बर्फ वितळून खालचं पिवळं गवत दिसायला लागलं की माणसं परसात येतात आणि चार महिन्यांचं साचलेलं एका दमात बोलून टाकतात. 2024 च्या मार्चमध्ये शेजारच्या वहिनी अशाच बाहेर आल्या. हातात रिकामी कुंडी, डोक्याला स्कार्फ, आणि कसे आहात, काय चाललंय वगैरे काही नाही, थेट म्हणाल्या, "कळलं का भावजी? प्रॉक्टर निघाला परत."

"कोण प्रॉक्टर?"

वहिनींनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की पुढचा प्रश्न मी गिळून टाकला.

वहिनी मूळच्या कोल्हापूरच्या, शिवाजी पेठेतल्या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींची नावं त्या नातेवाइकांसारखी घेतात. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून भावांबरोबर घसा फोडलेली बाई. इथला हातात धरून पळायचा फुटबॉल बघून सुरुवातीला त्यांनी नाक मुरडलं होतं. मग मुलगा आयोवा सिटीच्या विद्यापीठात शिकायला गेला, घरावर काळा-पिवळा झेंडा लागला आणि वहिनींचा घसा पुन्हा कामाला आला. आता त्या फक्त सामना बघत नाहीत. कुठल्या जागेला किती पोरं आहेत, कुणाचं कितवं वर्ष, कोण दुखापतीतून उठतोय, सगळं त्यांना पाठ. डिमॉइनच्या पश्चिमेकडच्या या उपनगरात मराठी घरं बरीच आहेत, पण संघाचा असा हिशेब ठेवणारं दुसरं घर मी पाहिलेलं नाही.

"आपल्याच गावचा पोरगा हो," त्यांनी कुंडी कुंपणावर ठेवली. म्हणजे आता अर्धा तास तरी हलत नाहीत. "केडन प्रॉक्टर. डिमॉइनच्या पूर्वेला साउथईस्ट पोक हायस्कूल आहे ना, तिथला. सहा फूट सात इंच आणि साडेतीनशे पौंडांच्या वर. देशभरच्या कॉलेजांचे कोच त्याच्या मागे. 2022 च्या उन्हाळ्यात म्हणाला, मी आयोवालाच येणार. इथे सगळे खूश. त्याच शाळेतला झेव्हियर न्वांकपा आधीच आयोवात आलेला, आता हाही येणार. आणि डिसेंबरात कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा पठ्ठ्या गेला अलाबामाला!"

"बरं, मग?"

"मग काय? तिथे पहिल्याच वर्षी लेफ्ट टॅकल म्हणून उभा राहिला. 2023 चा अख्खा सीझन. नंतर तिथला कोच सेबन निवृत्त झाला, तर हा पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत, जाऊन जानेवारीत आयोवात आला. आला एकदाचा घरी म्हणून लोकांनी मागचं सगळं पोटात घातलं. आणि आता दोन महिने होतात न होतात तोच म्हणतोय, परत अलाबामाला जातो."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला यातला चटका कळलाच नाही. एक पोरगा आला, गेला. पंचाऐंशी स्कॉलरशिपवाल्यांच्या ताफ्यात एक कमी झाला, एवढंच ना? तसं मी म्हणालोही. वहिनींनी स्कार्फ सोडला आणि परत बांधला. शिकवणी सुरू व्हायची ही खूण.

"भावजी, लाइनवर पाच जण असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, आणि टोकाला टॅकल. बॉल हातात घेऊन ही पोरं कधी पळत नाहीत. यांचं नाव माइकवर कधी येतं? चूक झाली की. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर फेकताना त्याचं तोंड उजवीकडे वळतं आणि डावी बाजू त्याला दिसत नाही. त्या बाजूने समोरच्या संघाचा सगळ्यात चपळ गडी सुसाट येतो. त्याला अडवायला उभा असतो तो लेफ्ट टॅकल. तो कच्चा निघाला तर क्वार्टरबॅकला कळायच्या आत तो आडवा."

"म्हणजे महत्त्वाची जागा."

"महत्त्वाची तर आहेच. पण मुद्दा तो नाही." वहिनी आता कुंपणावर रेलल्या. "धावणारा पोरगा अठराव्या वर्षीही धावतो. लाइनवरचा पोरगा अठराव्या वर्षी नुसता मोठा असतो. त्याची ताकद, पाय, समोरच्याने चाल बदलली तर शेजारच्याला हाक मारून काम वाटून घ्यायची सवय, हे मुरायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून कोच काय करतात? दर वर्षी चार-पाच पोरं आणायची. पहिलं वर्ष बहुतेकांना बसवून ठेवायचं, त्याला रेडशर्ट म्हणतात. फार तर चार सामन्यांत उतरवलं तरी ते वर्ष मोजलं जात नाही. दुसऱ्या वर्षी आलटून पालटून. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उभं करायचं. पंधरा-सोळा पोरं पोसायची तेव्हा पाच तयार होतात. आज जो उभा आहे त्याच्या मागे कोण, त्याच्या मागे कोण, अशी तीन वर्षांची रांग कोचच्या फळ्यावर लावलेली असते."

ही रांग लावण्यात आयोवाचा हात धरणारं कुणी नाही, हे मी पुढे स्वतःच वाचून पक्कं केलं. मुख्य कोच कर्क फेरेंट्झ 1999 पासून त्याच खुर्चीवर आहेत, आणि त्याआधी ऐंशीच्या दशकात ते याच विद्यापीठात लाइनचे कोच होते. देशातल्या सर्वोत्तम लाइनला 2015 पासून जो मूर अवॉर्ड मिळतं. त्या जो मूर यांच्याच हाताखाली फेरेंट्झ पेनसिल्व्हेनियातल्या शाळेत खेळले. योगायोग बघा, पहिल्या वर्षी ते अवॉर्ड अलाबामाला मिळालं आणि दुसऱ्या वर्षी आयोवाला. आयोवाची पोरं एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या फेरीत जातात: रॉबर्ट गॅलरी, ब्रायन बुलागा, ब्रँडन शर्फ, ट्रिस्टन वर्फ्स, टायलर लिंडरबॉम. यातला लिंडरबॉम आला तेव्हा समोरच्या बाजूचा, म्हणजे बचावातला गडी होता. त्याला उचलून सेंटर केला आणि 2021 मध्ये तो देशातला सर्वोत्तम सेंटर ठरला. वर्फ्स 2017 मध्ये पहिल्याच वर्षी टॅकल म्हणून उतरला तेव्हा बातमी झाली होती, कारण फेरेंट्झ यांच्या राज्यात कोवळ्या पोराला त्या जागेवर उभं करण्याची ती पहिलीच वेळ.

अशा ठिकाणी प्रॉक्टर येणार म्हणजे काय, हे मग लक्षात आलं. फळ्यावरच्या रांगेत तो मधूनच घुसणार होता. रांगेतल्या कुणाला तरी सरकावं लागणार होतं.

"अगदी बरोबर," मी हे बोलून दाखवलं तेव्हा वहिनी खूश झाल्या. "तो येणार म्हटल्यावर त्या जागेवर रुमाल पडला. एसटीत बघा, खाली उभा असलेला माणूस खिडकीतून रुमाल टाकतो आणि सांगतो, माझी सीट आहे. आत चढलेले तिथे बसत नाहीत. आणि शेवटी गाडी हलते तेव्हा तो रुमालवाला फलाटावरच. जागा रिकामी, आणि जे बसले असते ते मागच्या बाकावर आदळत बसलेत."

आता मला चटका कळला. नुकसान गेलेल्या पोराचं नसतं. तो येणार म्हणून ज्यांना बोलावलं नाही, ज्यांना "तू अजून एक वर्ष थांब" म्हटलं, ज्याच्या स्कॉलरशिपला "सध्या जागा नाही" म्हटलं, त्यांचं नुकसान असतं. जानेवारीत पोर्टल गजबजलेलं होतं, पाहिजे तर दुसरा टॅकल शोधता आला असता. मार्चमध्ये पोर्टल बंद. एप्रिलच्या मध्यावर पंधरा दिवसांसाठी पुन्हा उघडणार, तेव्हा उरलेसुरलेले. मधे वसंतातला सराव, ज्यात शेजारी-शेजारी उभं राहणाऱ्या पाच जणांची एकमेकांना सवय लागते. तो सराव सुरू व्हायच्या तोंडावर ही बातमी आली.

अर्थात आयोवाला 2024 च्या जानेवारीत लाइनच्या माणसाची एवढी हाव का होती, हेही सांगायला हवं. आदल्या वर्षी त्यांनी चौदापैकी दहा सामने जिंकले, पण कसे! एकूण यार्डांच्या हिशेबात त्यांची आक्रमक फळी मोठ्या विभागात देशात सगळ्यात शेवटची. मुख्य कोचचा मुलगाच, ब्रायन फेरेंट्झ, आक्रमणाचा कोच. त्याच्या करारात चक्क लिहिलेलं, की सामन्याला सरासरी 25 गुण झाले पाहिजेत. झाले पंधराच्या आसपास. सीझन चालू असतानाच त्याला सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी तू नाहीस. त्या वर्षी आयोवाचा खरा हिरो होता लाथ मारून बॉल लांब पाठवणारा टोरी टेलर, ऑस्ट्रेलियाचा. एका सीझनमध्ये पंटच्या 4,479 यार्डांचा राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर आहे. पंटर विक्रम करतो म्हणजे बाकीच्यांना किती वेळा बॉल परत द्यावा लागला असेल, विचार करा. वहिनी म्हणायच्या, "आमचं पोरगं लाथ मारायला आलं की मी चहा ठेवायला जात नाही. तेवढंच बघण्यासारखं असतं." शेवटच्या दोन मोठ्या सामन्यांत मिशिगनने 26-0 आणि टेनेसीने 35-0 असं धुऊन काढलं. अशा वेळी गावचा पोर घरी येतोय म्हटल्यावर लोकांनी दिवाळी केली यात नवल नाही.

गंमत अशी, की अलाबामात त्याचं पहिलं वर्ष काही फार सुखाचं गेलेलं नव्हतं. त्या संघाच्या क्वार्टरबॅकला 2023 मध्ये 49 वेळा आडवं केलं गेलं, आणि मोजदाद ठेवणाऱ्यांनी त्यातले डझनभर तरी प्रॉक्टरच्या खात्यावर मांडले. 1 जानेवारी 2024 ला रोझ बोलमध्ये मिशिगनने त्यांना जादा वेळेत 27-20 ने हरवलं. क्वार्टरबॅक सहा वेळा आडवा. शेवटच्या चालीला स्नॅपही, म्हणजे सेंटरने मागे दिलेला बॉलही, नीट आला नाही. नऊ दिवसांनी निक सेबन यांनी निवृत्ती जाहीर केली. सात राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली सहा अलाबामात. कोच गेला की त्याच्या पोरांना पोर्टलमध्ये जायला नियमाने तीस दिवसांची वेगळी मुभा मिळायची. झालं, दारं उघडली.

"त्या स्नॅपवाल्या सेंटरचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे का?" हे वहिनींनी मला कितीतरी नंतर, टोमॅटोची रोपं काठ्यांना बांधताना विचारलं. सुतळीचं टोक दातात धरून बोलत होत्या, त्यामुळे अर्धे शब्द मला अंदाजाने लावावे लागले.

"काय झालं?"

"सेथ मॅकलॉफलिन. सगळ्या अलाबामाने त्याला नावं ठेवली. तो गेला ओहायो स्टेटला. आणि 2024 मध्ये देशातल्या सर्वोत्तम सेंटरचं रिमिंग्टन अवॉर्ड कुणाला? त्यालाच!" सुतळी सुटली. "आणि त्याच्या जागी अलाबामाने कोण आणला? वॉशिंग्टनचा पार्कर ब्रेल्सफर्ड. वॉशिंग्टनची लाइन आदल्याच वर्षी जो मूर अवॉर्ड जिंकलेली. सेबनच्या जागी वॉशिंग्टनचाच कोच डिबोअर आला, त्याच्या मागोमाग त्याचा सेंटर. आता वॉशिंग्टनने कुणाला आणलं असेल? एक विटा काढली की भिंतभर हलतं हो सगळं."

एक वीट, मी मनात दुरुस्त केलं. पण वहिनींना व्याकरण सुचवण्याची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

प्रॉक्टरच्या जाण्यायेण्यानेही अशीच माणसं हलली. तो जानेवारीत गेला तेव्हा अलाबामात लेफ्ट टॅकलच्या जागेकडे डोळे लावून बसलेल्यांत एलायजा प्रिचेट होता. तीन महिन्यांनी जागेचा मालक परत. तरी सीझनच्या सुरुवातीला प्रॉक्टरचा खांदा दुखावला आणि पहिल्या दोन सामन्यांना तो नव्हता, तेव्हा त्या जागेवर प्रिचेटलाच उतरवलं. म्हणजे पोराची अवस्था बघा: जानेवारीत तू, एप्रिलमध्ये तू नाही, ऑगस्ट संपताना पुन्हा तू. सीझन संपल्यावर तो पोर्टलमध्ये गेला आणि पोचला कुठे, तर नेब्रास्काला! आयोवाच्या शेजारी, मिझूरी नदीच्या पलीकडे, ज्यांच्याशी आयोवाचं दर थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी भांडण असतं.

"म्हणजे आपल्या पोराने तिकडून त्यांचं पोर हुसकलं आणि ते आपल्याच वैऱ्याकडे आलं," वहिनींचा निष्कर्ष. यातला कार्यकारणभाव मला जरा ताणलेला वाटतो. पण कुंपणावर एवढं चालतं.

मला मात्र या सगळ्यात फेरेंट्झ यांच्या बाजूचा हिशेब जास्त रंजक वाटतो. वहिनी ज्याला रुमाल म्हणत होत्या तो पडला खरा, पण जागा रिकामी राहिली नाही. मेसन रिचमन आधीपासून लेफ्ट टॅकल होता. गार्डवर कॉनर कोल्बी, मधे लोगन जोन्स, पलीकडे जेनिंग्स डंकर. सगळे आयोवातच मुरलेले. रांग मोडायला आलेला गेला, रांग तिथेच उभी होती. त्यात 2024 साठी आक्रमणाला नवीन कोच आला, टिम लेस्टर. आणि त्याच लाइनच्या मागून कॅलेब जॉन्सन 1,537 यार्ड धावला. धावून 21 टचडाउन, म्हणजे 2008 च्या शॉन ग्रीनचा विद्यापीठाचा विक्रम मोडला. पुढच्या एप्रिलमध्ये रिचमन आणि कोल्बी दोघांनाही एनएफएलच्या सातव्या फेरीत बोलावणं आलं. सातवी फेरी म्हणजे शेवटची. पहिल्या फेरीचा पाच-तारांकित पोरगा हातचा गेला, आणि शेवटच्या फेरीच्या पोरांनी विक्रम करून दिला.

हे मी वहिनींना मोठ्या विजयाने ऐकवलं. वाटलं, आता तरी त्या प्रॉक्टरचं नाव सोडतील.

"ते ठीक आहे हो. पण रिचमनचं शेवटचं वर्ष होतं ना 2024? मग 2025 ला त्याच्या जागी कोण, हा प्रश्न होताच ना? प्रॉक्टर राहिला असता तर दोन वर्षांचा प्रश्न सुटला असता. कोच उद्याची भाजी आजच चिरून ठेवतो. तुम्ही मात्र आजच्या जेवणाचं कौतुक करताय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर संघाचं नियोजन म्हणतात ते हेच. एका वर्षाची चांगली लाइन जमवणं एक, आणि पाचातले दोन एकदम पदवी घेऊन गेले तरी पुढच्या वर्षी खड्डा पडू न देणं दुसरं. यात फेरेंट्झ यांची जुनी पद्धत अजून टिकून आहे, पण ती टिकवायची तर बसून राहायला तयार असलेली पोरं लागतात. आणि हल्ली पोरांनी बसावं तरी का? पोर्टल 2018 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. 2021 मध्ये एकदा कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसायची अट गेली. त्याच वर्षी 1 जुलैपासून स्वतःच्या नावाचे पैसे कमवायची मुभा मिळाली. 2023 च्या डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांचीही अट थांबवली, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने नियमच बदलला: अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा जा. प्रॉक्टरचं जानेवारी आणि एप्रिलचं जाणंयेणं बरोबर या फटीतून झालं. चार वर्षं आधी असतं तर तो अलाबामातच राहिला असता किंवा आयोवात एक वर्ष बाकावर बसला असता.

इथे आमचं वाजलं. वहिनींच्या मते पोरगा चुकला. "एकदा नाही म्हणालास, ठीक, लहान होतास. दुसऱ्यांदा घरी आलास, तर निदान एक सामना तरी खेळायचास. किनिकवर त्या काळ्या-पिवळ्या गर्दीसमोर एकदा तरी उतरायचं होतं." किनिक म्हणजे आयोवाचं मैदान. पहिल्या सत्रानंतर सत्तर हजार माणसं वळून शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे हात हलवतात, ते तिथेच. वहिनी ते टीव्हीवर बघतानाही हात हलवतात, आमच्या हिने पाहिलंय.

माझं म्हणणं वेगळं. अठरा-एकोणीस वर्षांचा पोर. त्याला निवडून नेणारा कोच एका बुधवारी अचानक निवृत्त होतो, नवा कोच दोन दिवसांत ठरतो. कोच मोठ्या पगारावर एका विद्यापीठातून दुसऱ्यात जातात तेव्हा कुणी त्यांना घरचा पोर म्हणून बोल लावत नाही. डिबोअर वॉशिंग्टनला दोन सीझन टिकले, दुसऱ्या सीझनला राष्ट्रीय अंतिम सामना खेळले आणि त्याच आठवड्यात टस्कलूसाला, म्हणजे अलाबामाच्या गावाला, निघाले. मग पोराने दोन महिन्यांत मन बदललं तर एवढं आकांडतांडव का?

"कोच परका होता. हा आपला होता," वहिनी म्हणाल्या. पेठेतला न्याय. त्यावर अपील नसतं.

पण पेठेच्या पलीकडे बघितलं तर नियोजनाचा खरा धडा ओहायो स्टेटने दिला असं मला वाटतं. त्यांचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स हाही पोर्टलमधून आलेला, सॅन डिएगो स्टेटहून. 2024 च्या ऑक्टोबरात ओरेगनच्या सामन्यात तो जखमी झाला आणि सीझन संपला. आता मधेच पोर्टल कुठून उघडणार? त्यांनी डावा गार्ड डॉनोव्हन जॅक्सन उचलून टॅकलवर उभा केला. पुढच्या महिन्यात सेंटर मॅकलॉफलिनच्या टाचेची शीर तुटली, तर मागच्या रांगेतला दुसरा उभा केला. म्हणजे डाव्या बाजूचे टॅकल, गार्ड, सेंटर तिन्ही जागांवर सप्टेंबरपेक्षा वेगळी माणसं. आणि 20 जानेवारी 2025 ला नोत्र दामला 34-23 ने हरवून ते देशाचे विजेते झाले. ते घडलं बाकावरच्या माणसांच्या जोरावर. पोर्टलमधून एक तारा आणणं सोपं. तो आल्यावरही मागचे सहावा, सातवा, आठवा रुसून निघून जाणार नाहीत हे बघणं कठीण.

पैशाने हे आणखी अवघड झालंय. आयोवात चाहत्यांच्या वर्गणीतून खेळाडूंना पैसे देणारी स्वॉर्म नावाची संस्था होती, तशा सगळीकडेच निघाल्या होत्या. 2025 च्या जूनमध्ये क्लॉडिया विल्किन या न्यायाधीशांनी मोठा समझोता मान्य केला आणि विद्यापीठांनाच थेट पैसे वाटायची परवानगी मिळाली: पहिल्या वर्षी सगळे खेळ धरून जास्तीत जास्त 2 कोटी 5 लाख डॉलर. पंचाऐंशी स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली, त्याऐवजी ताफ्यात जास्तीत जास्त 105 जण अशी मर्यादा आली. वरवर बघता जागा वाढल्या. पण पूर्वी स्कॉलरशिप नसलेली, स्वतःच्या खर्चाने येऊन घाम गाळणारी वॉक-ऑन पोरं कितीही ठेवता येत. त्यांच्यातूनच आयोवाने कितीतरी लाइनमन घडवले. आता त्यांच्यावर कात्री.

"म्हणजे लाइनवर सोळा ठेवायचे, की चौदा?" वहिनींनी विचारलं. त्या कोचच्या जागी बसून विचार करत होत्या, मी नुसता हिशेब सांगत होतो. "चौदा ठेवले आणि दोघं जखमी झाले तर सरावाला दुसरी फळी उभी राहत नाही. सोळा ठेवले तर पैसे कुणाचे कापायचे? लेफ्ट टॅकलचे कापता येत नाहीत. त्याला अलाबामा बसलंय."

प्रॉक्टरचं पुढे चांगलं झालं, हे वहिनींनाही नाकारता आलं नाही. अलाबामात तो टिकला, सुधारला, आणि 2025 च्या सप्टेंबरात जॉर्जियाविरुद्ध तर त्याच्याकडे चक्क पास फेकण्यात आला. साडेतीनशे पौंडांवरचा माणूस बॉल काखेत मारून पळतोय आणि अंगावर येणारे गडी बाजूला कसं व्हावं या विचारात! अलाबामा त्या दिवशी 24-21 ने जिंकली, आणि जॉर्जियाची घरच्या मैदानावरच्या सलग 33 विजयांची मालिका तुटली. त्या रविवारी वहिनी कुंपणाजवळ आल्या तेव्हा चेहऱ्यावर राग शोधला तरी सापडेना.

"बघितला?" एवढंच म्हणाल्या.

"बघितला."

"पळतो छान," आणि मग लगेच, "इथे असता तर आमच्यांनी त्याच्याकडे पास फेकला नसता, तेही खरं आहे."

आता तीन वर्षं कॉलेजात काढून तो एनएफएलच्या वाटेला लागला. अलाबामात ती जागा पुन्हा मोकळी. यंदाच्या वसंतात विषय परत निघाला. वहिनींना एकच धास्ती: टस्कलूसाची नजर आयोवातल्या कुठल्या पोरावर पडेल? मी त्यांची समजूत घातली. म्हटलं, आता ते शक्य नाही, एनसीएएने एप्रिलची खिडकीच काढून टाकली. 2026 पासून वर्षातून एकदाच, जानेवारीत, 2 ते 16 तारखेपर्यंत. त्यानंतर मार्चमध्ये मन बदललं तरी जाता येणार नाही. कोचला रांग एकदा लावली की उन्हाळ्यापर्यंत निवांत झोप.

वहिनींनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"भावजी, खिडकी बंद झाली. फोन बंद झालेत का?"